साल्सा व्हेर्देला तेल सुटत नाही

साल्सा व्हेर्दे म्हणजे मेक्सिकन हिरवा साल्सा, एक आंबट-तिखट वाटण. त्यातलं चिकन करताना मी अडकले ती साल्सा परतताना. कृतीत एक ओळ असते, 'साल्सा तेलात परता.' कुठवर, ते कुणी लिहीत नाही.

त्याआधीचं सोपं आहे. एक किलो हाडासकट चिकन मीठ, कांदा घालून शिजवलं, पाणी ठेवून दिलं. 700 ग्रॅम टोमॅटिलो आणि 4 सेरानो (छोट्या मेक्सिकन तिखट) मिरच्या आठ-दहा मिनिटं उकडल्या. टोमॅटिलो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. तो रसभरीच्या जातकुळीतला, तसाच कागदी सालीतला. पोपटी रंग जाऊन शेवाळी झाला की लगेच काढायचा, फुटला की सगळा पाणचट. मग अर्धा कांदा, दोन लसूणपाकळ्या, मूठभर कोथिंबीर घालून मिक्सरमधून भरड काढलं.

आता परतणं. आपला हात वाटणाला सरावलेला, म्हणून मी तेल सुटायची वाट बघत बसले. ते सुटत नाही! टोमॅटिलोत पेक्टिन (जॅम घट्ट करतं ते) भरपूर, ते दोन चमचे तेल धरून ठेवतं. वाट बघता बघता साल्सा तळाला लागला. दुसऱ्या खेपेला घाबरून दोन मिनिटांत पाणी ओतलं, तर कच्च्या लसणाचा वास आणि दात आंबवणारा रस्सा.

खूण वेगळी आहे. तेल इतकं तापलेलं हवं की साल्सा पडताच चर्र व्हावं आणि ओटाभर शिंतोडे उडावेत. पातेलं खोलगट घ्या. मग मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. बुडबुडे जड होऊन फदफदायला लागतात, रंग काळपट हिरवा होतो (होऊ द्या, आंबटात हिरवा टिकत नाही) आणि उलथनं फिरवलं की तळाशी वाट उघडी राहते. तेव्हाच दीड कप चिकनचं पाणी, चिकन, आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं.

हो, राहिलंच: साल काढल्यावर टोमॅटिलोला चिकटा असतो, तो कडवट. कोमट पाण्यात चोळून धुवा. लोखंडी कढई नको, आंबटाने धातूची चव उतरते. फारच आंबट वाटलं तर चिमूटभर साखर. उरलेला साल्सा फ्रिजमध्ये खरवसासारखा थिजतो. बिघडलेला नसतो, गरम केला की सुटतो.