कानबाईच्या रात्रीचे लाल डोळे

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे, खानदेशात, कानबाई ही कुळाची देवी बसते. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे असतील तिथून भाऊबंद अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी येतात. सगळं कुळ एकत्र दिसतं ते या एकाच रात्री, म्हणून फोटोंचं काम मी फार मनावर घेतो.

नवा कॅमेरा घेतला त्या वर्षी रात्रभर फोटो काढले. सोमवारी नदीवर विसर्जन करून आलो, लॅपटॉप उघडला, तर चार वर्षांच्या भाचीचे दोन्ही डोळे निखाऱ्यासारखे लाल. बाकीच्या पोरांचंही तेच. आजीने डोकावून विचारलं, "पोरना डोया असा काब्र दिखतस रे?" (पोरीचे डोळे असे का दिसतात रे?) आणि लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन भाचीची दृष्ट काढली. मला उत्तर देता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

आधी कॅमेऱ्यातच दोष असेल असं वाटलं. सेटिंग उलटसुलट करून पाहिली, काही फरक नाही. उलगडा झाला तो केळीच्या बागेत. रात्रीची लाइट होती म्हणून पाणी द्यायला गेलो होतो. बांधावर मांजर बसलेलं. बॅटरी कानाजवळ धरून मारली, तर त्याचे डोळे हिरवेगार चमकले. बॅटरीवरचा हात लांब आडवा केला, उजेड त्याच्यावर तसाच ठेवला, आणि डोळे जवळजवळ विझले. पुन्हा कानाशी आणली, पुन्हा पेटले. पाचसहा वेळा केलं. उजेड जिथून जातो तिथेच तो डोळ्यातून परत येतो, आणि माझा डोळा त्या वाटेवर असला तरच मला दिसतो, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

कॅमेऱ्यात हेच होतं. फ्लॅश लेन्सच्या अगदी वर, चारआठ सेंटिमीटरवर. तो उजेड बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून लाल होऊन परततो आणि थेट लेन्समध्ये शिरतो. मांजराच्या डोळ्यात मागे चमकदार थर असतो, म्हणून तिथे हिरवं. आपल्याकडे तो नाही, म्हणून रक्ताचाच रंग. अंधारात बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, लख्ख उजेडात दोनतीनच उरते. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. बाहुलीला मिटायला सुरुवात करायलाच पाव सेकंद लागतो. पोरांच्या बाहुल्या मोठ्या, वयाबरोबर त्या लहान होत जातात. आजीचे डोळे फोटोत काळेच का होते, ते मला असं समजलं.

तरी ताईची काळजी जाईना, म्हणून भाचीला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या डोळ्यात उपकरणातून पाहिलं आणि म्हणाले, "आम्हीही हाच लाल उजेड शोधतो. दोन्हीकडे सारखा आहे, चांगलं आहे." हे उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 मध्ये लोकांपुढे आणलं. पुढे डॉक्टर म्हणाले ते मी प्रत्येक आईबापाला सांगतो: लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट चमक वारंवार दिसली, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. कधी नुसत्या कोनामुळेही तसं दिसतं, पण मोतीबिंदू किंवा पडद्यावरची गाठही असू शकते. म्हणून मी लाल डोळे कॉम्प्युटरवर काळे करण्याआधी मूळ फोटो नीट पाहतो, आणि तो ठेवतोही.

मग उपाय. कॅमेऱ्यातली रेड-आय सोय आधी दिवा लावून बाहुली लहान करते, खरा फ्लॅश सेकंदभराने पडतो. तेवढ्यात पोरं फोटो झाला समजून उठून पळतात. आरतीच्या गर्दीत तिचा काही उपयोग नाही. वेगळी फ्लॅशगन घेतली, छताकडे तोंड करून मारली. पण आमचं घर धाब्याचं. वरच्या लाकडी कड्या वर्षानुवर्षांच्या धुराने काळ्या. उजेड तिथेच गिळला गेला. मग बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर मारून पाहिली. त्या चुन्यात नीळ जास्त, सगळ्यांचे चेहरे निळसर आले. शेवटी आईची धुतलेली पांढरी चादर दोन खुंट्यांना ताणली आणि फ्लॅशगन तिच्याकडे वळवली. उजेड बाजूने, मऊ, आणि परतीची वाट लेन्सपासून दूर.

पुढच्या कानबाईला एवढंच केलं. शिवाय चौकात दोन मोठे बल्ब जास्त लावले, म्हणजे बाहुल्या आधीच लहान होतात. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो घ्यायची कॅमेऱ्याची क्षमता, 1600 वर नेला, आणि झूम करण्याऐवजी स्वतः पुढे सरकलो, कारण लांबून काढलं की फ्लॅश आणि लेन्समधला कोन आणखी कमी होतो. नारळाला नथ-दागिने घालून सजवलेली कानबाई, पुढे रोट, आणि भाची तोंडात गिलक्याचं भजं धरून थेट माझ्याकडे बघतेय. डोळे काळेभोर. आजीने तो फोटो दोनदा हातात घेऊन पाहिला.

त्या रात्री फक्त दोन फोटो लाल आले. पहाटे गनचे सेल संपले होते आणि मी ओट्यावरून कॅमेऱ्याच्याच फ्लॅशने, झूम करून काढले. आता चार सेल खिशातच ठेवतो.