दोन वाट्या बुडेपर्यंत

एका काल्पनिक जगावरच्या माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा आत्याला दिला, तेव्हा त्यात मी घडवलेले ६४ शब्द होते. ऋतू नऊ, नाती नवी, काळ मोजायची मापंही नवी. मागे शब्दांची यादी जोडली होती. आत्या चौथ्या पानावर थांबली. "अगं, ती मुलगी रडतेय एवढं कळलं. पण कशासाठी, ते यादीत बघावं लागलं. तोवर माझं रडू गेलं."

मनाला लागलं. तीन वर्षं त्या जगात काढली होती. दुसऱ्या खर्ड्यात मग सगळं सोपं केलं: राजा, किल्ला, जंगल, तलवार. आत्याने एका बैठकीत वाचून संपवलं आणि आठवड्याने तिला त्यातलं काही आठवेना. हे जास्त वाईट होतं.

वाट सापडली ती आपल्या पुण्याच्या जुन्या पाण्यात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत हौद, आणि कोंडलेली हवा सुटावी म्हणून उच्छ्वास. उच्छ्वास! शब्द रोजचा, पण जमिनीला लावला की अंगावर काटा येतो. मला हवं ते हेच होतं.

आता माझ्या शहरात नवल एकच आहे. उच्छ्वासापाशी बोललेलं पाण्याबरोबर खाली वाहत जातं आणि पुढच्या पेठेतल्या हौदावर कुणाच्या तरी घागरीत येतं. बाकी घागर, चुंबळ, रांग, रांगेतली भांडणं, सगळं ओळखीचं. त्या मुलीच्या घागरीत मेलेल्या बापाचा आवाज येतो, तेव्हा वाचणाऱ्याला दुसरं काही शोधत बसावं लागत नाही.

काळाचं मापही बदललं. घटिकापात्र म्हणजे तळाला भोक असलेली वाटी. पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत बुडते, तीच एक घटका. मी समजावून सांगितलं नाही. आई लेकीला बजावते, "दोन वाट्या बुडेपर्यंत परत ये." कोपऱ्यात वाटी तरंगत असते. बस्स.

६४ पैकी पाच शब्द उरले. त्यातला 'निळाव' मात्र मी हट्टाने चाळीस पानं उलगडला नाही. निदान एक दार बंद हवंच, नाहीतर ते जग परकं वाटणार कसं?

परवा रात्री आत्याचा फोन आला. "निळाव म्हणजे काय ते सांगू नकोस. पण ती घागर तिने ओतली का?"

तो प्रसंग अजून लिहायचा आहे.