लाज वाटत नाही का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न नेहमी एकाच पद्धतीनं येतो. आधी इकडं तिकडं बघून घ्यायचं, मग आवाज खाली. "वहिनी, रागावू नका, पण एक विचारू? ते बेली डान्स म्हणतात ते... तुम्हाला लाज नाही वाटत?" हळदीकुंकवात विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसलं की विचारतात, गणपतीच्या देवळात चप्पल घालता घालता विचारतात. मला राग येत नाही. विचारणारी बहुतेक माझ्याच वयाची असते, पन्नाशीला टेकलेली, आणि विचारताना तिचा हात स्वतःच्या पदरावर असतो, पोटापाशी. तो हात मी ओळखते. म्हणून नीट सांगते.

लाज वाटायची. नाच शिकायच्या आधी, पस्तीस वर्षं वाटायची.

"पोट आत घे," हे मी पहिल्यांदा ऐकलं तेराव्या वर्षी, शिंप्याकडं शाळेचा ड्रेस मापाला घालून उभी असताना. आईचं मन काही वाईट नव्हतं, तिलाही कुणीतरी तेच सांगितलेलं असणार. मग फोटो काढताना पोट आत, पाहुणे बघायला आले तेव्हा पोट आत. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. टाक्यांच्या वर पट्टा बांधला, तो काढला तेव्हा जावा म्हणाल्या, "पोट सुटलं की गं तुझं." सुटलं, म्हणजे जणू दावणीला बांधून ठेवायची वस्तू होती ती. आपल्या भाषेत बाईच्या पोटाला केवढं काम आहे बघा. गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा, लेकरू पोटचं, माया पोटातली. एवढं सगळं ज्यात ठेवायचं ते दिसता मात्र कामा नये.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा चढली. पुरात सांगलीकर एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात, खालचा मजला सगळा पाण्यात. सासूबाईंना नणंदेकडं पोचवलं आणि पाणी उतरेपर्यंत मी पुण्याला मुलीच्या खोलीवर गेले. तिथं दिवसभर फोनवर पुराचे व्हिडिओ बघत बसायचे. आमची गल्ली कुठं दिसते का, घराचा कठडा दिसतो का. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, माझा क्लास आहे. चल, नुसती बस तिथं."

बसू दिलं नाही. शिकवणारी माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी असेल. तिनं माझीच ओढणी माझ्या कमरेला गाठ मारून बांधली आणि म्हणाली, "काकू, पोट सोडा."

"सोडलंय की," मी म्हटलं.

"नाही काकू. धरलंय तुम्ही."

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की तेच पोट आहे असं वाटायला लागलं होतं. तिनं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, गुडघे जरासे सैल करायला लावले, श्वास घ्यायला सांगितला. पाच-सहा श्वासांनंतर पोट खाली आलं. श्वास बेंबीच्याही खाली गेला. आणि मला उभ्या उभ्या झोप आली. पाणी वाढायला लागल्यापासून मी धड झोपले नव्हते. त्या रात्री आठ तास झोपले.

हा नाच पोट आत ओढून होतच नाही, हे मला नंतर कळलं. छातीपासून ओटीपोटापर्यंत एक लाट न्यायची असते. पोट घट्ट धरलं की ती लाट बरगड्यांपाशी थांबते, पुढं जात नाही. मन काय म्हणतंय याचा इथं प्रश्नच नाही, स्नायूच हलत नाहीत. सैल सोडलेलं, थोडं जड पोट असेल तर लाट उलट ठसठशीत दिसते. म्हणजे ज्याची पस्तीस वर्षं लाज बाळगली, ते इथं कामाचं निघालं. मला कुणी शंभर भाषणं दिली असती तरी हे पटलं नसतं. ते मला माझ्या पोटानं करून दाखवलं.

बाकी शिकायला वेळ लागला. शिमी म्हणतात ती थरथर कमरेची वाटते, पण काम सगळं गुडघ्यांचं. एक वाकवायचा, दुसरा सरळ करायचा, आलटून पालटून, भराभर, आणि टाचा जमिनीवर. कमरेनं हवेत आडवा इंग्रजी आठ काढायचा असतो. तो काढताना खांदे हलता कामा नयेत, आणि अवघड ते हेच. जे हलवायचं तेवढंच हलवायचं, बाकी शरीर शांत. तालाचंही शिक्षण झालं. दर्बुका नावाचं एका तोंडाचं वाद्य असतं. त्यावर मध्ये वाजतो तो भरीव 'दुम' आणि काठावर वाजतो तो 'टेक'. मक्सूम नावाचा ताल मी भाजी चिरताना तोंडानं म्हणायचे: दुम टेक, टेक दुम, टेक. माझे टाके जिथं आहेत तिथली कातडी बधिर आहे, वीस वर्षांची बधिर. नाचताना तिथं काही जाणवत नाही, पण तिच्या वरून लाट जाते ती खालच्या बाजूला पुन्हा जाणवते. बोगद्यात गेलेली गाडी पलीकडून बाहेर यावी तशी.

आता पोट उघडं टाकण्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असतो. आम्ही कुर्ता आणि लेगिंग घालतो, कमरेला ओढणी. या नाचाला पोट उघडं लागत नाही. 'पोटाचा नाच' हे नावच मुळी परक्यांनी दिलेलं. फ्रेंचांनी ते वापरलं, आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गर्दी खेचायला तेच नाव गाजवलं गेलं. अरबी माणूस याला रक्स शर्की म्हणतो, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरगुती, लग्नाकार्यात बायकांनी नाचायचा तो रक्स बलदी. त्यात पायघोळ झगा आणि कमरेवर बांधलेला रुमाल. झगमगीत चोळी आणि घागरा आला तो कैरोच्या रंगमंचावर. बदिआ मसाबनी नावाच्या बाईंनी १९२६ मध्ये तिथं स्वतःचं नाट्यगृह काढलं, आणि तिथून या नाचाचं आजचं रूप घडत गेलं. पुढं १९५०च्या दशकात इजिप्तमध्येच नर्तकींनी पोट झाकावं असा नियम आला, म्हणून तिथल्या पोशाखांना पोटावर जाळी दिसते. आणि खरं सांगू का, पाचवारी साडीत आपली कंबर रोजच दिसते. पोळ्या लाटताना दिसते, बसमध्ये दांडीला धरून उभं राहिलं की दिसते. तेव्हा कुणी विचारत नाही. ती कंबर स्वतःच्या मर्जीनं हलली की मग प्रश्न सुरू होतात.

बलदी हा शब्द मला फार आवडतो. बलद म्हणजे गाव, देश. बलदी म्हणजे गावचा, इथलाच, आपल्यातला. गावभागात राहणाऱ्या बाईला हे नाव जवळचं वाटणारच.

त्याच बदिआबाईंच्या रंगमंचावर पुढं आलेल्या तहिया करिओकाच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा बघते. ती जागा सोडत नाही. एका सतरंजीएवढ्या जागेत उभी राहून सगळं करते, घाई नाही, चेहऱ्यावर आर्जव नाही. राजकीय मतांपायी ती तुरुंगातही जाऊन आली. तिच्याकडं बघून मला कळलं की ताकद दाखवायला उड्या माराव्या लागत नाहीत.

कैरोत १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशानं नाचणाऱ्या बायकांना शहरातून हाकललं, लांब दक्षिणेकडच्या गावांत धाडलं. हे वाचलं तेव्हा मला आपलं आठवलं. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा मुलगा तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. ते आमचे, असं आम्ही छाती पुढं काढून सांगतो. त्यांच्या लावण्या जिनं फडावर उभ्या केल्या त्या पवळेचं नाव मात्र किती जण तेवढ्याच प्रेमानं घेतात? आमच्या घरात मुलगी आरशासमोर जरा लचकली की "तमाशात जायचंय का?" असं विचारायचे. मलाही विचारलंय. गाणारा शाहीर, आणि नाचणारी म्हणजे दटावणी. त्या बायकांनी पोटासाठी नाचून जे सोसलं त्यातलं मी काहीच सोसलेलं नाही. पडदे ओढलेल्या खोलीत नाचणारी बाई आहे मी. पण लाजेचा विषय निघाला की मला त्या आठवतात, आणि लाज कुणाला वाटायला हवी होती हेही.

टाळेबंदीत क्लास मोबाइलवर आला, तेव्हा मी गावभागातल्या वरच्या खोलीत शिकत राहिले. अहोंनी पहिले काही महिने दार ओढून घेतलं आणि विषय टाळला. आता ते त्या वेळेला खाली कुकर लावतात. बोलत अजूनही नाहीत फारसं, पण कुकर लागलेला असतो.

आत्मविश्वास आला का, असंही विचारता. घरच्या अडतीचं हिशेबाचं काम मी बघते. हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात जावं लागतं, तिथं सगळे पुरुष. मी वही नेहमी पोटाशी दोन्ही हातांनी धरून उभी राहायचे. एकदा एका जुन्या हमालमामांनी विचारलं, "वैनी, आज वही कुठं?" वही काखेत होती. कधीपासून काखेत धरायला लागले, ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी एका व्यापाऱ्याशी वजनावरून वाद झाला, आणि मी आवाज न चढवता, जागेवरून न हलता बोलले. काटा पुन्हा लावायला लागला त्याला.

आता विश्रामबागला एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सात जणी जमतो, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी. जिला पाठीचा त्रास आहे तिला मी आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगते. पहिले पंधरा दिवस आरसा झाकलेला असतो. आरसा दिसला की बाई पोट आत घेते, म्हणून.

भावे नाट्यमंदिरात कार्यक्रम करा की, असं एकीनं सुचवलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीत, तेव्हा या गावात नव्या गोष्टीला रंगमंच मिळू शकतो हे मला ठाऊक आहे. पण सातातल्या तिघींनी घरी सांगितलेलं नाही. एक योगाचं नाव सांगून येते, एक भिशीचं. त्यांना उघडं पाडून मला टाळ्या नकोत.

त्या तिघी नाण्यांची झालर लावलेला रुमाल पंचात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवतात, जिन्यात वाजू नये म्हणून. मागच्या शुक्रवारी पाऊस होता. भिशीवालीनं रुमाल सोडला नाही, वरूनच रेनकोट घातला. "अगं, राहिलाय कमरेला," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि खाली गेली. तिन्ही मजले आवाज येत होता. मग स्कूटर सुरू झाली.