दूध पुरतंय ना?

रविवार, रात्री उशिरा.

आज मावशी बाळंतविडा घेऊन आली होती. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, बाळाला झबली-टोपरी, सगळं मायेनं बांधून आणलेलं. चहा होईपर्यंत बाळ उठलं आणि रडायला लागलं. मावशी म्हणाली, "दूध पुरतंय ना गं हिला? बाळ किती बारीक दिसतंय. वरचं चालू करा थोडं, रात्री तुम्हालाही झोप मिळेल."

धाकटी, माझी बाळंतीण बहीण, काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. बाळाला छातीशी घेतलं तरी पान्हा येईना. बाळ ओढतंय, सोडतंय, पुन्हा रडतंय. मावशीला वाटलं, बघा, मी म्हणत होते ना. आईनं तिला हळूच ओसरीवर नेलं. खोलीत आम्ही दोघीच उरलो, मी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि थोड्या वेळानं बाळाचा गिळण्याचा आवाज यायला लागला. कूक, कूक, मध्ये एक श्वास, पुन्हा कूक. दुसऱ्या बाजूनंही दूध ठिबकायला लागलं.

आमची आजी सांगायची, पाजायला बसलेल्या बाईसमोर जड बोलू नये. बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्याच्यामुळे साठलेलं दूध खाली उतरतं. भीती, दुखणं, लाज, कोणी मापं काढत समोर बसलेलं असणं, यानं ते उतरणं अडतं. दूध असतं, येत नाही एवढंच. आजीला ऑक्सिटोसिन माहीत नव्हतं, पण बाळंतिणीची खोली कशी राखायची हे पक्कं माहीत होतं.

दूध पुरतंय ना, हा प्रश्न मी आमच्या घराण्यातल्या प्रत्येक बाळंतपणात ऐकलाय. विचारणारी माणसं प्रेमाचीच असतात, म्हणून तर तो जास्त लागतो. पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. डबा येतो. पावडरच्या दुधानं बाळाचं पोट भरतं, ते अंगावर कमी ओढतं. बाळ जेवढं ओढेल तेवढंच शरीर पुन्हा तयार करतं, म्हणून दूध खरंच कमी व्हायला लागतं. मग सगळे म्हणतात, हिला पुरत नव्हतंच. त्या बाईला ते जन्मभर खरं वाटत राहतं. रात्रीची बाटली तर त्यात सगळ्यात वाईट, कारण दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्रीच जास्त असतं. रात्रीचं पाजणं दमवतं, मान्य आहे. त्यासाठी धाकटीला दुपारी झोपू द्यावं, लंगोट आम्ही धुवावेत, पाहुणे आम्ही सांभाळावेत.

पुरतंय की नाही हे कळायला रडणं हे माप नाही. संध्याकाळी दिवेलागणीला आमचं बाळ दर अर्ध्या तासानं मागतं, सोडायलाच तयार नसतं. बहुतेक तान्ह्या बाळांचं तसंच असतं. माप आहे मागच्या अंगणातली दोरी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळानं दिवसाला निदान सहा वेळा शू करायला हवी, फिकट रंगाची. मी रोज लंगोट वाळत घालते, दोरी भरलेली असते. शी पिवळी, पातळ, जशी हवी तशी.

दुसरं माप घरी येणाऱ्या आशा स्वयंसेविका ताईंचा काटा. जन्मतः वजन 2 किलो 800 होतं. तिसऱ्या दिवशी 2 किलो 610 भरलं तेव्हा आई घाबरली होती. ताईंनी समजावलं, पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, दोन आठवड्यांच्या आसपास परत भरून निघतं. सातव्या दिवशी काटा 2 किलो 710 वर होता. झोळीत टाकलेलं बाळ हात-पाय झाडत होतं आणि ताईंनी त्यांच्या वहीत आकडा लिहून धाकटीलाच आधी दाखवला. मला ते फार आवडलं. नाहीतर आकडा सासूला, आईला, सगळ्यांना सांगतात, जिनं पाजलं तिला शेवटी.

पहिल्या दिवशी चीक किती थोडा येत होता! चमचाभरही नाही. पण एक दिवसाच्या बाळाला एका वेळेला लागतंच तेवढं थोडं. पूर्वी काही घरांत तो पिवळट चीक पिळून टाकून द्यायचे आणि मधाचं बोट चाटवायचे. चिकातून बाळाला रोगाशी लढायची ताकद मिळते. मध मात्र वर्षाच्या आत द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मधाची बाटली आईनं स्वतःच फडताळात वर ठेवून दिली.

आपल्याकडे 1992 पासून कायदा आहे, बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही. चांगला कायदा आहे. पण मायेच्या माणसांच्या तोंडून होणारी जाहिरात कुठला कायदा थांबवणार? ती आपल्यालाच, घरच्यांनाच थांबवायला हवी.

काही बायकांना खरंच कमी येतं, हेही तितकंच खरं. बाळ पेंगतच राहिलं, शू कमी झाली, वजन वाढेना, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं. त्यांनी वरचं सांगितलं तर वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्यायचं, आणि त्या आईला एका शब्दानं कमी लेखायचं नाही. कमी दिवसांच्या बाळांसाठी तर दुसऱ्या आयांचं दूधही मिळू शकतं, मुंबईत सायन रुग्णालयात 1989 पासून दुधाची पेढी आहे.

परवा बारसं आहे. आईशी बोलून ठरवलं, पाळणा बाहेरच्या खोलीत बांधायचा आणि आतली खोली धाकटीची. पाजायच्या वेळी दार लोटलेलं. मावशीला उद्या फोन करून बारशाच्या दिवशी बाजरीच्या भाकरी आणि शेपूची भाजी तिनंच करावी असं सांगणार आहे. तिच्या हातची भाजी धाकटीला लहानपणापासून आवडते, आणि तेवढ्या बाबतीत तरी कोणाला काही विचारायची गरज नाही.