फुंकरीचे माप

दोन जिने चढले की बाबांना धाप लागू लागली, म्हणून गेल्या महिन्यात नौपाड्यातील एका दवाखान्यात त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी, करून घेतली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोर "काका, सोडा, सोडा, अजून, अजून!" असे ओरडणारी तंत्रज्ञ मुलगी. फुंकर सहा सेकंद तरी टिकावी अशी अपेक्षा असते. बाबांना चौथ्याच सेकंदाला खोकल्याची उबळ आली आणि ती फुंकर बाद झाली. शिवाय सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत 150 मिलिलिटरहून अधिक तफावत चालत नाही, त्यामुळे पाचव्या प्रयत्नानंतर त्यांची सुटका झाली.

घरी आल्यावर मला राहवेना. पाच लिटरच्या कॅनवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्या, तो पाण्याने भरून बादलीत पालथा धरला आणि आत नळी घालून फुंकले. सहज सोडलेल्या श्वासाने पाणी जेमतेम एक खूण उतरले. छाती भरून, पोट आत ओढून फुंकल्यावर साडेतीन लिटरपर्यंत गेले. (छातीतली ऊबदार हवा पाण्यात गार होऊन थोडी आकसते, म्हणून खरा आकडा किंचित जास्त धरावा.) लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याचे उपकरण वापरून दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास असेच मोजले होते आणि ही क्षमता उंचीबरोबर वाढते असे दाखवले होते. म्हणूनच बाबांचा आकडा तपासण्याआधी त्यांना भिंतीशी उभे करून उंची घेतली गेली, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

मात्र कितीही जोर लावला, तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे सव्वा लिटर हवा उरतेच, आणि जी बाहेरच येत नाही ती फुंकरीने मोजणार कशी? इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी 1800 च्या सुमारास स्वतः हायड्रोजन हुंगून ती अडकलेली हवा मोजली होती. त्या धाडसाला माझा दुरूनच नमस्कार. आता त्याऐवजी हेलियम वापरतात किंवा रुग्णाला काचेच्या बंद कक्षात बसवून दाबातील बदलांवरून हिशेब काढतात.

बाबांनी पहिल्या सेकंदात सोडलेली हवा एकूण हवेच्या 62 टक्के भरली. ती 70 च्या खाली असली की श्वासनलिका अरुंद झाल्याची शंका येते. "हवा आत जातच नाही," ही त्यांची तक्रार डॉक्टरांनी उलटी करून सांगितली: जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून नवीला जागा नाही. ती किती साचते हे पाहण्यासाठी त्यांनी काचेच्या कक्षातील तपासणी लिहून दिली आणि बंद जागेची भीती वाटते का, असे विचारले.

"आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोनदा अडकलोय," बाबा म्हणाले.