या वयात एवढे गडद रंग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न बहुधा लिफ्टमध्ये नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये येतो. "बँकेत होतात तेव्हा किती सोबर नेसायचात हो! आणि आता एकदम हे जांभळं, राणी, पोपटी?" पुढचं 'या वयात' कुणी बोलून दाखवतं, कुणी गिळतं. विचारणाऱ्यांत दोन तट आहेत. एकांना ऐकायचं असतं की रिटायर झाल्यावर मी मोकळी झाले, आता कुणाची पर्वा करत नाही. दुसऱ्यांनी मनातल्या मनात म्हातारचळाचं निदान करून ठेवलेलं असतं. माझं उत्तर पॉलिएस्टरपासून सुरू होतं, त्यामुळे दोघांचाही रस तिसऱ्या मजल्याआधीच संपतो. इथे तरी मजला यायची घाई नाही.

मी 1988 साली बँकेत लागले. नोकरीवरची साडी सिंथेटिकच असणार, यावर तेव्हा चर्चासुद्धा होत नसे. सुती साडीला खळ घाला, कडक वाळवा, इस्त्रीला टाका आणि दुपारपर्यंत तिचा चोळामोळा बघा. सकाळी डबे करून बस पकडणाऱ्या बाईला ते परवडत नाही. जॉर्जेट रात्री धुतली की सकाळी अंगावर. मासिकांत गार्डन वरेलीच्या जाहिराती असायच्या, टीव्हीवर 'ओन्ली विमल' चालू असायचं. माझ्या कपाटात या कापडाचे सगळे फिके अवतार होते: मोतिया, बदामी, फिकट पिस्ता, राखाडीवर बारीक फुलं.

फिकेच का, तर गडद रंग त्या कापडावर मला सोसत नसत. पॉलिएस्टरचा तंतू अखंड आणि गुळगुळीत असतो, उजेड त्याच्यावरून सरळ परततो. त्यावर राणी रंग चढवला की रंग दोन पावलं पुढे चालतो आणि बाई मागून येते. सुताला लव असते, ते जाडबारीक असतं, उजेड त्यात विखुरतो, थोडा मुरतो. तोच राणी रंग सुतावर खोल दिसतो. त्या वेळी मला हे असं सांगता आलं नसतं, पण आरशात दिसत होतं. म्हणून मी फिकं घेत गेले. लोक त्याला चांगली टेस्ट म्हणाले, आणि फुकट मिळणारी पदवी कोण परत करतं!

अर्ध्या पसंतीचा हिशेब कापडावर गेला. उरलेल्या अर्ध्याचा कातडीवर. मी सावळी. मिरजेच्या आमच्या घरात रंगांचे नियम लिहिलेले नव्हते, पण पाठ सगळ्यांना होते. सावळीने अबोली नेसू नये, पिवळा तर नकोच, गडद निळ्यात ती 'अजून दबते' आणि पांढऱ्यात 'फारच उठून दिसते'. शिल्लक राहायचं ते आमसुली, तपकिरी आणि फिक्यांचा एक पट्टा. गोऱ्या मावसबहिणीला 'काहीही खुलतं'. संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळा घरातल्या सगळ्या बायकांना शोभायची, त्या दिवशी नियम सुट्टीवर.

हे रडगाणं नाही, घरोघरी हेच होतं. मला गंमत वाटते ती तेच नियम आता फोनमधून परत आले याची. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या ते बघा, मग अंडरटोन, म्हणजे कातडीखालची छटा काढा, मग तुम्ही रंगांच्या कुठल्या ऋतूत बसता, 'ऑटम' की 'विंटर', ते ठरवा. रंगांना माणसांच्या रूपाशी जोडण्याचा हा विचार युरोपातला. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवून गेलेला स्विस चित्रकार योहान्स इटन याने टिपलं होतं की विद्यार्थी स्वतःच्या आवडीने रंगसंगती करायला बसले की त्यांच्या केसांशी आणि कातडीशी जुळणारे रंग निवडतात. वर्गात सोनेरी, तांबूस, काळे केस आणि निळे, घारे, तपकिरी डोळे असले तर ही वर्गवारी काहीतरी सांगते. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे आणि डोळे तपकिरी, मग आपण सगळ्या एकदोन खणांत जाऊन पडतो. भाचीने पैसे भरून अहवाल आणला: 'डीप ऑटम'. त्यात विटकरी, शेवाळी, मोहरी, चॉकलेटी. आजीच्या यादीपासून हे फार लांब नव्हतं, फक्त आजी जीएसटी लावत नसे.

माझं रंगांचं खरं शिक्षण मॅचिंग सेंटरात झालं. भिंतभर ब्लाउजच्या टू बाय टू रुबिया कापडाचे तागे, एकाच हिरव्याच्या न संपणाऱ्या छटा, आणि काउंटरवर साडीचं टोक धरून ताटकळलेल्या बायका. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला पीस रस्त्यावर आल्यावर शेवाळी निघायचा. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतील तर एका उजेडात ती सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. रंगशास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. आईला हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ती दुकानदाराला न विचारता पीस उचलून पायरीवर जायची, उन्हात धरायची आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून परत यायची.

ती पायरी मी आजही सोडत नाही. पण मॅचिंग सोडलं, आणि माझ्या रंगांच्या बाबतीत कुठल्याही बंडापेक्षा याने जास्त फरक पडला. साडी आणि ब्लाउज एकाच रंगाचे असले की गळ्यापासून पायापर्यंत सलग एकच रंग, आणि तो चेहऱ्याला नाही मानवला तर सुटका नाही. आजीच्या पिढीने हे कधी केलंच नव्हतं. हिरवं लुगडं आणि गुळेदगुडच्या खणाची जांभळी चोळी ती बिनदिक्कत घालायची. जुळवाजुळव हा प्रश्नच तिला पडला नसता. आता बुटीकवाले तेच 'कॉन्ट्रास्ट' म्हणून चौपट शिलाईत विकतात. विकोत बापडे. मला त्यातून एक गोष्ट उमगली: चेहऱ्याशी भांडण किंवा मैत्री होते ती ब्लाउजची आणि खांद्यावरच्या पदराची. निऱ्यांत वाटेल तो रंग चालतो. पोपटी मला चेहऱ्यालगत नको वाटतो, पण वांगी रंगाचा ब्लाउज मध्ये आला की तोच पोपटी गुण्यागोविंदाने नांदतो.

मग इरकल आली. आली म्हणजे परत आली. ती जिथली, ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इळकल आम्हा मिरजकरांना परकं नाही. पण आमच्या लहानपणी इरकल ही म्हाताऱ्यांची किंवा शेतातल्या बायकांची साडी समजली जायची, बँकेत ती नेसून कुणी आलेलं मी पाहिलं नाही. अंग सुती, पदर लाल रेशमी आणि त्यात पांढरी नक्षी. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो, आणि दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत अडकवून मग पुढे विणतात. कितीतरी इरकलींत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. लांबून जांभळी दिसणारी साडी हातात घेतली की तिच्यात लाल आणि निळा वेगळे दिसतात, चालताना निऱ्यांच्या घडीत एक वर येतो, एक खाली जातो. पैठणीतही हीच करामत आहे. अशा कापडात गडद रंग कधी ठोकळ्यासारखा बसत नाही. जांभळा मला सोसतो हे मला इरकलीने सांगितलं. पॉलिएस्टरचा जांभळा मी आजही नेसणार नाही.

आता 'भडक' या आरोपाबद्दल. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी पोपटी आणि राणीच नेसतात, आणि लिफ्टमधल्या बायका एकमेकींकडे बघतात. त्याच बायकांच्या घरी लग्न निघालं की राणी काठाची पोपटी पैठणी घेतात आणि तिला 'रॉयल' म्हणतात. रंग तोच, किंमत बदलली.

हे असं का झालं असावं याचं एक उत्तर रंगांच्या इतिहासात आहे. पूर्वी सुरेख गुलाबी हवा तर कुसुंबा लागे, म्हणजे करडईची फुलं. पाकळ्यांतला पिवळा रंग आधी पाण्याने धुऊन काढायचा, मग क्षार घालून लाल अर्क उतरवायचा, आंबट घालून तो कापडावर बसवायचा. एवढं करून तो उन्हात विटायचा आणि धुण्यात जायचा. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून क्विनीन करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये मॅजेंटा निघाला, आपल्या राणी रंगाच्या अगदी शेजारचा. पुढे 1956 साली सुताशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आले आणि सुती कापडावरही झगझगीत रंग पक्के बसू लागले. जो रंग महाग आणि नाजूक होता तो बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईला परवडू लागला. मग वरच्यांनी काय करावं? ते मातकट रंगांकडे वळले. इंग्लंडमध्ये कापडांच्या नक्ष्या करणाऱ्या विल्यम मॉरिसला या डांबरातून निघालेल्या अ‍ॅनिलिन रंगांचा तिटकारा आला आणि 1870च्या दशकात तो लीक गावच्या थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत नीळ आणि मंजिष्ठा या वनस्पतींच्या रंगांचे प्रयोग करू लागला. पुण्यातल्या हातमाग प्रदर्शनांत गेलात तर हीच परंपरा चालू दिसेल. मला नीळ आवडते, मंजिष्ठाचा लाल तर फारच. पण 'नैसर्गिक रंग म्हणजे सुसंस्कृत बाई' हे मला पटत नाही.

सरकारलाही गडद रंगाची धास्ती आहे. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना निघाल्या, त्यात जीन्स-टीशर्टबरोबर गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत असं होतं. फळ्यासमोर डाळिंबी साडी नेसून उभ्या असलेल्या बाईंमुळे मुलांचा पाढा चुकतो हे मला ठाऊक नव्हतं.

यात एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. माझी आत्या तरुणपणी विधवा झाली. तिच्या आधीच्या पिढीसारखं तिला आलवण, म्हणजे विधवांचं ठरावीक लुगडं, नेसावं लागलं नाही, केसही शाबूत राहिले, पण कपाटात राखाडी, करडा आणि पांढऱ्यावर बारीक ठिपके, एवढंच. नातेवाईक म्हणत, तिला मुळी रंगाची आवडच नाही. एकदा मी तिच्याबरोबर साडी घ्यायला गेले होते. तिने तोंड उघडण्याआधी दुकानातल्या माणसाने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, पुढ्यातल्या साड्या बाजूला सारल्या आणि खालच्या फळीवरचा फिका गठ्ठा काढला. तिने त्यातलीच एक घेतली. 'सोबर' ऐकलं की मला आत्या आठवते, माझ्या मोतिया साड्या नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पुढे राज्य सरकारनेही बाकीच्या गावांना तेच करायला सांगितलं. ठरावात साडीचा रंग नव्हता. त्याची गरज पडत नाही. तो गठ्ठा आपोआप निघतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर नवरात्राच्या नऊ रंगांनी मला मदत केली, हे कबूल करते. ही प्रथा जुनी नाही, वर्तमानपत्रांनी रुजवलेली. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा असा वारावर ठरणारा हिशेब, आणि बँकेतल्या आम्ही सगळ्या फोटोसाठी रांगेत. आत्या असती तर तिनेही रविवारची नारिंगी मागितली असती, की पुन्हा खालच्या फळीकडे पाहिलं असतं, कुणास ठाऊक. मला नारिंगीची गरज केवळ फोटोसाठी होती. ती सुती निघाली, ती मला शोभली, आणि घरातला एक नियम निकालात गेला.

शेवटचं कारण केसांचं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पार्लर बंद झाली आणि मी केस रंगवणं थांबवलं. काळ्या केसांच्या चौकटीत फिका मोतिया चालून जायचा. पांढऱ्या केसांखाली तीच साडी नेसले की भेटेल तो विचारायचा, "बरं नाही का?" चारचौघांना प्रकृतीचा खुलासा देत बसण्यापेक्षा डाळिंबी नेसणं सोपं पडतं.

फिक्या साड्या मी टाकून दिलेल्या नाहीत. मे महिन्यात पांढऱ्या सुतीला पर्याय नाही. आणि भाचीने परवा विचारलं तसं तुम्हीही विचारणार असाल तर तेही सांगून टाकते: नाही, निऑन मी नेसणार नाही. मला तो आवडत नाही, वयाचा त्यात काही संबंध नाही.