सुटलो, पण गोळ्या आतच राहिल्या

जामिनाचा हुकूम झाला तो दिवस आणि माझं पाऊल गेटबाहेर पडलं तो दिवस, यांच्यात एकोणीस दिवस गेले. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, कोर्टातली पडताळणी. त्या एकोणीस दिवसांत टीबीच्या गोळ्या मात्र मला आत रोज मिळाल्या, एकही दिवस चुकला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आतला दवाखाना वाईट होता. तसं नव्हतं. घोळ झाला तो दारात.

मी मूळचा बार्शी तालुक्यातला. बांधाच्या भांडणातून कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागलं आणि नोव्हेंबर २०२३ पासून चौदा महिने एका मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला, म्हणून काढले. केस अजून चालू आहे, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. खोकला लागला २०२४ च्या दिवाळीनंतर. बरॅकीत थंडीत सगळेच खोकतात, त्यामुळे महिनाभर मीही दुर्लक्ष केलं. मग अंग उतरायला लागलं, रात्री घामाने सदरा भिजायचा. एक दिवस तपासणीसाठी एक्स-रेचं मशीनच आत आलं. पहाटेचा बेडका डबीत दिला, सीबीनॅट मशीनवरच्या तपासणीत टीबी निघाला. साधा, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणारा. सहा महिन्यांचा कोर्स.

रोज सकाळी गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, होऊन बरॅक उघडली की दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहायचं, कंपाउंडरसमोर तीन विटकरी गोळ्या गिळायच्या आणि आ करून दाखवायचं. फक्त रविवारचा डोस शनिवारी पट्टीतून कापून हातात मिळायचा. त्यातल्या एका रविवारच्या गोळ्यांची रिकामी चांदी मी तारखेच्या कागदांच्या पाकिटात का ठेवली होती, मलाच माहीत नाही. आत माणूस काहीही जपून ठेवतो.

सुटलो जानेवारीच्या शेवटी, संध्याकाळी सातच्या सुमारास. पाच आठवड्यांची औषधं पोटात गेली होती, उरलेली जवळपास पाच महिन्यांची बाकी. अंगठा दिला, खासगी सामानाची पिशवी घेतली आणि गोळ्यांचं विचारलं. "दवाखाना बंद झाला. उद्या सकाळी येऊन घेऊन जा." जो माणूस चौदा महिन्यांनी त्या दारातून बाहेर पडतोय, त्याला उद्या परत त्याच दारात बोलावायचं! मी मान हलवली आणि पहिली मिळाली ती रिक्षा पकडली.

शिक्षा झालेल्या कैद्याची सुटकेची तारीख कागदावर असते. त्याच्यासाठी कुणी ठरवलं तर महिनाभर आधी तयारी करता येते. कच्च्याचं तसं नसतं, जामीन कधी होईल हे त्यालाही माहीत नसतं. आणि आपल्याकडे कच्चेच जास्त. ३१ डिसेंबर २०२२ ला देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, चारातले तीन. म्हणजे बहुतेकांची सुटका अशीच, तारीख आधी न कळता.

जामिनाची अट होती की बार्शी तालुक्यात पाय ठेवायचा नाही आणि दर सोमवारी ११ ते १ पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. म्हणून हडपसरला ताईकडे गेलो. दहा बाय बाराची खोली, ताई, दाजी, दोन मुलं आणि आता मी. आधार कार्ड पैशांच्या पाकिटात, ते पाकीट मुद्देमालात, मुद्देमाल पोलीस ठाण्यात. तो सोडवायचा तर कोर्टात अर्ज.

तिसऱ्या दिवशी सकाळी लघवीला गेलो तर ती स्वच्छ, पाण्यासारखी. या गोळ्या चालू असल्या की लघवी लालसर-केशरी होते. पाच आठवडे मला त्या रंगाची सवय झाली होती. आधी बरं वाटलं, मग एकदम धस्स झालं. औषध अंगातून उतरलं होतं.

इथे माझी चूक कबूल करतो. चौथ्या दिवशी ताईच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो आणि फक्त खोकल्याचं सांगितलं. टीबीचं सांगितलं असतं तर त्यांनी आधी कुठे दाखवलं होतं ते विचारलं असतं, आणि दारापाशी ताईची शेजारीण बसलेली. सिरप घेऊन घरी आलो.

नवव्या दिवशी ताईने धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाने जुने पेपर मागितले.

"पेपर आत आहेत."

"आत म्हणजे? कुठल्या हॉस्पिटलात?"

मी हळू आवाजात सांगितलं.

"जोरात बोला, ऐकू येत नाही."

"जेलमध्ये," ताईच म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मागे एकदम शांतता पसरली. मग त्या माणसाने आधार मागितलं. तेही नव्हतं. पेपर आणल्याशिवाय काही होणार नाही, असं सांगून त्याने पुढच्याला हाक मारली.

अकराव्या दिवशी परत गेलो ते खिडकी टाळून, सरळ मागच्या टीबीच्या खोलीत. तिथे टीबीएचव्ही (टीबी हेल्थ व्हिजिटर) मॅडम होत्या. टीबीच्या पेशंटांवर लक्ष ठेवणं, घरी जाऊन बघणं हे त्यांचं काम. मी कागदांच्या पाकिटातली ती चांदी टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "चार औषधांची एकच गोळी. म्हणजे पहिला टप्पा चालू होता. रोज किती घेत होता?" तीन म्हटलं. वजनकाट्यावर उभं केलं, ४७ किलो. "बरोबर, तीनच." चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शब्दाची पडताळणी करून तो खरा धरला होता.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर निक्षय उघडलं. टीबीच्या प्रत्येक पेशंटची तिथे नोंद असते आणि एक नंबर असतो. माझीही होती. तुरुंगातूनच झालेली, गावच्या पत्त्यावर, फोन नंबर भलताच. नाव, वडिलांचं नाव आणि वय लावून सापडायला वीस मिनिटं लागली. तो नंबर मला आत असताना कुणी चिठोऱ्यावर लिहून दिला असता तर हे अकरा दिवस गेलेच नसते. महिनाभर खंड पडला की उपचार सुटलेल्यांत गणना होते. मी त्याच्या आत होतो, म्हणून जुनाच कोर्स पुढे चालू झाला आणि बुडालेले डोस शेवटी वाढले. नोंद हडपसरला वर्ग झाली. गोळ्या त्याच दिवशी हातात. पैसे नाहीत, आधार नाही. टीबीचं सरकारी औषध फुकटच असतं, हे मला तोवर धड माहीत नव्हतं.

"घरात कोण कोण?" मॅडमनी विचारलं. मी सांगत गेलो आणि धाकट्या भाचीवर येऊन अडकलो. चार वर्षांची. मामा आला म्हणून अकरा रात्री माझ्याच अंथरुणात झोपली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तपासणी झाली. कुणाला टीबी निघाला नाही, पण पोरीला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. दाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी ते तिची गोळी चमच्यात विरघळवायचे, तेव्हा मी उठून बाहेर जायचो.

बाकीचं रडतखडत मार्गी लागलं. औषध न्यायचा वार सोमवार होता, तोच हजेरीचा. मॅडमनी तो मंगळवार करून दिला. पोषणाचे महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), पण त्याला बँक खातं लागतं आणि माझं पासबुक गावातल्या पेटीत. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. एक फोटो हलला, दुसऱ्यात खातेक्रमांकावर त्याचा अंगठा आला, तिसरा चालला. आधार एप्रिलमध्ये सुटलं.

दोन महिन्यांचे डोस पुरे झाल्यावर बेडका तपासला, निगेटिव्ह. जुलैमध्ये कोर्स संपला तेव्हाही निगेटिव्ह. वजन ५६.

फेब्रुवारीत विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमनी तुरुंगाकडे माझ्या उपचारांचे कागद मागितले होते. उत्तर ऑगस्टमध्ये आलं, गावच्या पत्त्यावर. तिथे मला जाता येत नाही, म्हणून भावाने त्याचाही फोटो पाठवला. या वेळी पहिल्याच झटक्यात स्पष्ट आला. तीन ओळी होत्या. शेवटची अशी, की सदर बंद्यास मुक्ततेसमयी औषधे व योग्य सल्ला देण्यात आला आहे. मी त्याची प्रिंट काढली आणि तारखेच्या कागदांच्या पाकिटात ठेवली. चांदीही अजून तिथेच आहे.